‘कळवतो’ या शब्दाची मुदत

माझ्या भाच्याने पुण्यातील एका कंपनीत तिसऱ्या फेरीची मुलाखत दिली, त्याला आज ८३ दिवस झाले. हे दिवस त्याने मोजलेले नाहीत, माझ्या बहिणीने मोजले आहेत. स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर मुलाखतीच्या तारखेभोवती तिने पेनने गोल केला होता, आणि पान उलटले तरी रोज भाकरी थापताना तिची नजर तिकडे जाते, हे तिनेच मला सांगितले. गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा भाच्याने विचारले, “मामा, अजून एक मेल टाकू का? की जास्त होईल?” याआधी त्याने तीन मेल पाठवले होते आणि दोन वेळा फोन केला होता. पहिल्या फोनला “साहेब मीटिंगमध्ये आहेत” असे उत्तर मिळाले. दुसरा फोन कोणी उचललाच नाही.

त्याला नोकरी मिळाली नाही, ही माझी तक्रार नाही. एका जागेसाठी पन्नास अर्ज येतात आणि एकोणपन्नास जणांना नकार मिळतो, हे कोणालाही समजते. माझी तक्रार आहे ती नकार देण्याचेही कष्ट न घेण्याबद्दल, कारण त्या न दिलेल्या उत्तराची किंमत समोरच्या घराला मोजावी लागते. भाच्याच्या घराला ती कशी मोजावी लागली, ते आधी सांगतो.

पहिल्या दोन फेऱ्या ऑनलाइन झाल्या. तिसरीसाठी त्याला प्रत्यक्ष बोलावले, म्हणून तो सोलापूरहून सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला गेला आणि रात्री त्याच गाडीने परतला. मुलाखत घेणाऱ्याने त्याला पगाराची अपेक्षा विचारली, पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रुजू होता येईल का असे विचारले, कागदपत्रांच्या प्रती ठेवून घेतल्या आणि “आठवड्याभरात कळवतो” असे सांगितले. बावीस वर्षांच्या मुलाने यातून जो अर्थ काढला तो मीही काढला असता. कर्वेनगरला त्याचे वर्गमित्र राहतात. त्यांच्या खोलीत एक कॉट रिकामी होत होती, ती हातची जाऊ नये म्हणून त्याने ३,००० रुपये आगाऊ दिले. त्याच सुमारास सोलापूरजवळच्या चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याने त्याला देखभाल विभागात महिना १६,००० रुपयांवर बोलावले होते. त्यांनी चार दिवसांची मुदत दिली. त्याने मला विचारले, आणि मी त्याला थांबायला सांगितले, कारण माझ्या मते पुण्याचे काम झाल्यातच जमा होते. ती जागा आता भरली गेली आहे. नकाराचा एक मेल सहाव्या दिवशी आला असता, तर कॉटचे पैसे वाचले असते आणि कदाचित चिंचोळीची नोकरीही हाती राहिली असती.

पुण्यातच राहणारा मुलगा निदान संध्याकाळी त्या कार्यालयात जाऊन चौकशी करून येऊ शकतो. सोलापूरच्या मुलाला त्याच चौकशीसाठी अडीचशे किलोमीटरचा प्रवास, एक पूर्ण दिवस आणि घरातून मागून घेतलेले पैसे लागतात. आपल्या शहरात यंत्रमाग आहेत, चादरी आणि टॉवेलचे कारखाने आहेत, तयार कपड्यांचे उद्योग आहेत. पण अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या मुलांना सामावून घेईल एवढे काम त्यांच्यात नाही. त्यामुळे आमची मुले पुण्याच्या उत्तरावर अवलंबून असतात, आणि ते उत्तर मिळवण्यासाठी त्यांच्याजवळ फोनखेरीज काही नसते. शिवाय अशा घरात वाट पाहणारा एकटा मुलगा नसतो. वडील दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला सांगून बसलेले असतात, शेजारी विचारतात, आणि दर वेळी “अजून काही कळलं नाही” असे सांगताना मुलाला आपणच काहीतरी चुकलो आहोत असे वाटू लागते. माझा भाचा मुलाखतीतील प्रत्येक प्रश्न अजून आठवतो आहे. कुठले उत्तर चुकले असेल, हे तो रात्री मोबाइलवर शोधत बसतो. कदाचित कुठलेच चुकले नसेल. ती जागाच रद्द झाली असेल. पण ते त्याला कोण सांगणार?

‘कळवतो’ हा शब्द आपल्याकडे कार्यालयात येण्यापूर्वी लग्नाच्या बैठकीत होता. मुलगी पाहून, पोहे खाऊन उठताना मुलाकडची मंडळी “कळवतो” म्हणत, आणि मुलीचे वडील त्या शब्दाचे वजन करत आठवडे काढत. माझ्या आत्याच्या वेळचे हे सगळे मी लहानपणी जवळून पाहिले आहे. ती पद्धत चांगली होती असे मी अजिबात म्हणणार नाही. तरीही तिच्यात एक सोय होती: मध्यस्थ. महिनाभरात तो येऊन चहा घेता घेता “पत्रिका जुळत नाही” एवढे सांगून जाई. पत्रिकेचे ते कारण खरे नसे, हे दोन्ही घरांना माहीत असे. पण विषय संपे आणि वडील दुसरीकडे बोलणे लावायला मोकळे होत. नकार सांगण्यासाठी समाजाने एक सभ्य वाक्य तयार ठेवले होते. कंपन्यांनी बैठकीतला ‘कळवतो’ तेवढा उचलला आणि मध्यस्थाची ती फेरी सोडून दिली.

माझे वडील गिरणीत होते. तिथे बदली कामगारांची रोजची हजेरी कशी लागे, ते मी त्यांच्याकडून ऐकले आहे. पाळी सुरू होण्याआधी हे कामगार दरवाजाशी जमत. कायम कामगारांपैकी जितके गैरहजर असत तितक्यांना आत घेतले जाई आणि उरलेल्यांना “आज नाही” असे तोंडावर सांगितले जाई. ते जिणे फार कष्टाचे होते, त्याचे गोडवे मला गायचे नाहीत. मात्र ज्याला आत घेतले नाही तो त्याच सकाळी भाजी बाजारात हमाली शोधायला जाऊ शकत असे.

हे सगळे मी इतक्या ठामपणे लिहितो आहे, त्यामागे एक वेगळे कारणही आहे, आणि ते सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. मी स्वतः टॉवेल तयार करणाऱ्या एका कारखान्यात हिशेब आणि प्रशासन पाहतो. साठ-पासष्ट माणसे आहेत; वेगळा एचआर विभाग नाही, त्यामुळे कार्यालयीन जागांच्या मुलाखती मीच घेतो. २०१९ मध्ये निर्यातीच्या कागदपत्रांचे काम पाहण्यासाठी आम्ही पाच जणांना बोलावले. त्यातील एक बाई मला फार आवडल्या होत्या. हिशेब नेमका, बोलणे स्पष्ट, आधीचा अनुभवही होता. मालकांनी त्यांच्या ओळखीतील एक मुलगा घेतला. मी त्या बाईंना “दोन दिवसांत कळवतो” म्हणालो होतो आणि काय कळवावे हे न सुचल्यामुळे काहीच कळवले नाही. सात-आठ महिन्यांनी बँकेत त्या माझ्यापुढे रांगेत होत्या. त्यांनी मला ओळखले आणि अगदी साधेपणाने विचारले, “सर, त्या जागेचं काय झालं ओ?” त्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच माहीत नव्हते. आठ महिने एका माणसाच्या मनात मी एक दार अर्धवट उघडे ठेवले होते. ते बंद करायला मला एक मिनिट पुरले असते, याची मला त्या रांगेत इतकी लाज वाटली की मी नीट उत्तरही देऊ शकलो नाही.

मी स्वतः या खुर्चीत बसतो, म्हणून उत्तर का दिले जात नाही हेही मला ठाऊक आहे. सगळी कारणे वाईट हेतूची नसतात. सर्वांत मोठे कारण म्हणजे राखीव उमेदवार. पहिल्या पसंतीचा माणूस होकार देतो, पण त्याला आधीच्या कंपनीत नोटीस द्यावी लागते, आणि आपल्याकडे ती दोन-तीन महिन्यांचीही असते. तेवढ्या काळात त्याला दुसरीकडे जास्त पगार मिळाला तर तो येत नाही; रुजू होण्याच्या दिवशी फोन बंद करून बसलेले उमेदवार मीही पाहिले आहेत. म्हणून दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला ‘नाही’ म्हणायचे नाही आणि ‘हो’ तर म्हणताच येत नाही, अशा अवस्थेत ठेवले जाते. दुसरे कारण असे की जागा मंजूर होण्याआधीच मुलाखती उरकल्या जातात आणि मग वरून खर्चाला नकार येतो. मध्ये प्लेसमेंट कन्सल्टंट असेल तर त्याचे शुल्क रुजू झालेल्या उमेदवारावर मिळते, त्यामुळे न निवडलेल्याला फोन करण्यात त्याचा काही लाभ नसतो. कंपनीला वाटते तो कळवेल, त्याला वाटते कंपनी कळवेल. आणि खूपदा कारण एवढेच असते की नकार सांगणे अवघड वाटते. माझे तेच होते.

यातील एकही कारण उमेदवाराला सांगता येणार नाही असे नाही. “तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर आहात, पहिला उमेदवार अमुक तारखेला रुजू होणार आहे, तो आला नाही तरच तुम्हाला बोलावू” हे वाक्य ऐकून कोणीही दुखावत नाही. तो आपला शोध चालू ठेवतो, एवढेच. अडचण असेल तर ती मालकाची असते, कारण मग तो माणूस दुसरीकडे जाईल. पण त्याने जाऊ नये म्हणून त्याला अंधारात ठेवणे म्हणजे पगार न देता त्याला आपल्या दारात उभे करणे आहे. याला मी दुसरे नाव देऊ शकत नाही.

कायदा या बाबतीत फारसा उपयोगी पडत नाही. सरकारी भरतीत माहितीच्या अधिकाराखाली आपल्या अर्जाचे काय झाले हे विचारता येते आणि २००५ च्या त्या कायद्यानुसार सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. खासगी कंपनीला तो लागू नाही. रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळवण्याचा १९५९ चा कायदा २५ किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांनाही लागू होता, आणि त्याखालील १९६० च्या नियमांत निवडीचा निकाल १५ दिवसांत कळवण्याची तरतूद होती. ती मी प्रथम वाचली तेव्हा मला आनंद झाला. मग लक्षात आले की निकाल कळवायचा तो सेवायोजन कार्यालयाला; मुलाखत देऊन घरी गेलेल्या माणसाचा त्यात उल्लेख नव्हता. तो कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. कॅनडातील ओंटारिओ प्रांताने मात्र नेमके हेच काम केले आहे. १ जानेवारी २०२६ पासून तिथे २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला, जाहीर जाहिरात दिलेल्या जागेसाठी ज्यांची मुलाखत घेतली त्यांना, शेवटच्या मुलाखतीपासून ४५ दिवसांच्या आत निवडीचा निर्णय झाला आहे की नाही हे कळवावे लागते. कारण सांगण्याची सक्ती नाही, गुण दाखवण्याची नाही. पंचेचाळीस दिवस मला जास्त वाटतात, पण मुदत आहे हे महत्त्वाचे. आपल्याकडे असा नियम करायला काय हरकत आहे, याचे उत्तर मला अजून कोणा कारखानदाराने दिलेले नाही, आणि मी अनेकांना विचारले आहे.

बँकेतील त्या भेटीनंतर मी आमच्या कारखान्यापुरती एक पद्धत सुरू केली. मुलाखत संपताना मी उमेदवाराला तारीख सांगतो आणि ती त्याच्यासमोर माझ्या डायरीत लिहितो. त्या तारखेला निर्णय झाला नसेल तर “निर्णय झालेला नाही, पुढची तारीख ही” एवढा निरोप व्हॉट्सअॅपवर जातो. ज्यांना घ्यायचे नाही त्यांना मी फोन करतो, कारण आमच्याकडे येणाऱ्यांची संख्या कमी असते आणि ते परवडते. जिथे शेकडो अर्ज येतात तिथे मेल पुरेसा आहे, आणि मोठ्या कंपन्या वापरतात त्या संगणकप्रणालींत तो एकाच वेळी सर्वांना पाठवण्याची सोय असते. पहिले काही फोन करताना माझा घसा कोरडा पडत असे. एक-दोघांनी वाद घातला. एका मुलाने कारण विचारले तेव्हा मी त्याला त्याचे एक्सेल कच्चे आहे असे सांगितले. वर्षभराने तो पुन्हा आला आणि आज तो आमच्या भांडारात काम करतो. बहुतेक जण मात्र “बरं झालं सांगितलंत” एवढेच म्हणून फोन ठेवतात. त्या आवाजात निराशा असते, पण वाट पाहणे संपल्याचेही त्यात ऐकू येते.

भाच्याला मी सांगितले की चौथा मेल जरूर टाक, मात्र विचारणा करू नकोस. आम्ही दोघांनी मिळून तो लिहिला: आपल्याकडून उत्तर न आल्यामुळे मी माझा अर्ज मागे घेतला आहे असे समजावे आणि माझ्या कागदपत्रांच्या प्रती नष्ट कराव्यात. तो पाठवल्यावर बहिणीने दिनदर्शिकेचे ते पान उलटून पाहिले, पण काही बोलली नाही. कर्वेनगरची कॉट बार्शीच्या एका मुलाने घेतली असून ३,००० पैकी २,००० रुपये परत मिळाले आहेत. येत्या गुरुवारी भाच्याची अक्कलकोट रस्त्यावरील एका कारखान्यात मुलाखत आहे. फाइलच्या आतल्या बाजूस, प्रमाणपत्रांच्या आधी दिसेल असा एक कागद त्याने लावला आहे आणि त्यावर स्वतःच्या अक्षरात एकच प्रश्न लिहिला आहे: “सर, किती तारखेपर्यंत कळेल?”