नंदीध्वज चालत होते, रस्ता मात्र जागेवरच

माझ्या भाचीने संक्रांतीच्या सुट्टीत स्क्रॅचमध्ये, म्हणजे आज्ञांचे ब्लॉक जोडून मुलांना प्रोग्राम करता येतो त्या साधनात, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेची गोष्ट करायला घेतली. पहाटेचा सिद्धेश्वर तलाव, मग सात नंदीध्वजांची (सजवलेल्या उंच काठ्यांची) मिरवणूक आणि शेवटी रात्रीचे होम मैदान, असे तिचे तीन प्रसंग होते. नंदीध्वज डुलत होते, परंतु मागचा रस्ता हलत नसल्यामुळे मिरवणूक एका जागी खोळंबल्यासारखी दिसत होती.

स्क्रॅचमध्ये बॅकड्रॉप, म्हणजे मागचे चित्र, बदलता येतो, सरकवता येत नाही. म्हणून सरकणारा रस्ता स्प्राइट, म्हणजे हलवता येणारे चित्र, म्हणूनच काढावा लागतो. स्टेज, म्हणजे गोष्ट दिसते ती चौकट, ४८० रुंद आणि ३६० उंच असते. तेवढ्याच रुंदीचे रस्त्याचे दोन तुकडे घेऊन, एकाचा एक्स (आडवे स्थान) ‘सरक’ या व्हेरिएबलइतका (बदलत्या आकड्याइतका) आणि दुसऱ्याचा त्याहून ४८० ने अधिक ठेवला, व्हेरिएबल थोडे थोडे कमी करत नेले आणि ते उणे ४८० ला पोचताच पुन्हा शून्यावर आणले, की रस्ता अखंड वाहू लागतो. आमची खरी अडचण इथेच आली. स्क्रॅच कोणताही स्प्राइट स्टेजबाहेर पूर्णपणे जाऊ देत नाही, त्यामुळे आमचा तुकडा ४६५ च्या आसपास अडायचा आणि कडेला घराच्या भिंतीची एक पट्टी चिकटून राहायची. उपाय भाचीलाच सुचला, याचे मला फार कौतुक वाटते: तिने चित्राच्या दोन्ही टोकांना घरे न काढता नुसते आकाश आणि रस्ता एकसारखे रंगवले, त्यामुळे अडलेली पट्टी ओळखूच येईना.

प्रसंग बदलताना काळोख दाटावा म्हणून आम्ही आधी स्टेजचा ब्राइटनेस उतरवून पाहिला. पण तो परिणाम फक्त बॅकड्रॉपवर होतो, नंदीध्वज अंधारातही तसेच झळकत राहिले. मग संपूर्ण स्टेज झाकणारा काळा स्प्राइट सर्वांत पुढे ठेवला, त्याचा घोस्ट (पारदर्शकतेचा) परिणाम १०० वरून शून्यावर आणला, पूर्ण अंधार झाल्यावर बॅकड्रॉप बदलला आणि घोस्ट पुन्हा १०० केला. रस्त्याच्या तुकड्यांनी लपायचे कधी आणि नंदीध्वजांनी होम मैदानावर उभे राहायचे कुठे, हे ज्याच्या त्याच्या ‘बॅकड्रॉप बदलल्यावर’ या ब्लॉकखाली लिहिले. वेळ मोजून प्रसंग बदलण्यापेक्षा मला हीच पद्धत योग्य वाटते, कारण मिरवणूक लांबवली तरी पुढचे काही बिघडत नाही.

हिरवा झेंडा दाबताच पहिला बॅकड्रॉप लावणारा ब्लॉक मात्र आम्ही विसरलो होतो, त्यामुळे दुसऱ्यांदा गोष्ट सुरू केली तेव्हा ती थेट होम मैदानावरच्या रात्रीत उघडली.