टायटॅनियमच्या मुठीला स्टोनवॉश : सहा तास वाया, मग तीन तासांत काम

पंधरा दिवसांपूर्वी मी माझ्या घडीच्या चाकूला स्टोनवॉश द्यायला, म्हणजे खड्यांबरोबर फिरवून पृष्ठभागावर एकसारखी ठिपकेदार झाक आणायला, मुठीच्या दोन्ही पट्ट्या दगडांच्या डब्यात घातल्याचे मोठ्या उत्साहाने इथे कळवले होते आणि त्यानंतर मौन पाळले होते. मौनाचे कारण असे की डबा ड्रिलला जोडून एकूण सहा तास फिरवूनही पट्ट्या जवळजवळ जशा गेल्या तशाच बाहेर आल्या. पॉलिश पेपरच्या सरळ रेषा स्पष्ट दिसत होत्या, त्यांवर फक्त एक मळकट करडी छटा चढली होती आणि तीही भांडी घासण्याच्या स्पंजने निघून गेली. काल दुपारी अखेर कारण सापडले.

चाकू तोच आहे, ग्रेड 5 टायटॅनियमचा (हा टायटॅनियमचा एक मिश्रधातू) फ्रेमलॉक, म्हणजे मुठीच्या पट्टीचाच एक भाग आत सरकून उघडे पाते अडवतो असा. सँडब्लास्ट केलेल्या मुठीवर खिशातल्या किल्ल्या आणि नाण्यांनी स्नेल ट्रेलचे, म्हणजे गोगलगायीच्या वाटेसारख्या चमकत्या ओरखड्यांचे, जाळे विणले होते, ते मी आधी 220 आणि मग 400 च्या पेपरने काढले. यातली 220 ची पायरी घाईत उरकू नये, असे आता सांगावेसे वाटते. दगड बारीक रेषा झाकतात, पण खोल चरा मिटवत नाहीत आणि झिलई झाल्यावर तो चरा उलट जास्त खुपतो. डाव्या पट्टीवर असा एक राहून गेला आहे.

अपयशाचा पहिला संशय अर्थातच दगडांवर गेला. मत्स्यालयाच्या दुकानातून आणलेले पांढरेशुभ्र गोटे तासाभरात पाण्याचे दूध करू लागले, तेव्हा एका गोट्यावर लिंबाचा थेंब टाकून पाहिला. लगेच बुडबुडे आले, म्हणजे तो संगमरवर होता. टायटॅनियमपुढे त्याचा काही निभाव लागणे शक्य नव्हते. मग नदीकाठचे काळे गोटे आणले, पण आपला दख्खनचा बेसॉल्ट अनेक ठिकाणी सच्छिद्र असतो आणि अशा गोट्यांच्या कडा झडून डब्यात काळा चिखल साचतो. शेवटी हाताने निवडून गारगोटीचे गुळगुळीत खडे जमवले, हरभऱ्यापासून सुपारीपर्यंतच्या आकाराचे. तरीही फरक पडला नाही, तेव्हा मी एका वर्कशॉपकडे वायब्रोसाठी (धातूचे भाग थरथरवून घासणारे यंत्र) वापरतात ते सिरॅमिकचे त्रिकोणी तुकडे किलोभर मागितले. पन्नास किलोंची गोणीच घ्यावी लागेल, असे उत्तर मिळाले. किरकोळ ग्राहकाला असे वाटेला लावण्याची ही पद्धत मला मुळीच पटत नाही, पण त्या नकाराने माझे पैसे वाचले, हेही खरे.

कारण सापडले ते आवाजावरून. ड्रिलचा चाप पूर्ण दाबलेला असताना चार इंची पीव्हीसी पाइपाच्या डब्यातून नुसती घरघर येत होती. दमलेल्या बोटाने चाप सैल केला की मात्र थांबण्यापूर्वीच्या दोन-तीन सेकंदांत आतून खळखळ ऐकू येई, ओंजळभर चिंचोके पत्र्यावर ओतावेत तशी. हा फरक मी सहा तास ऐकत होतो आणि त्याकडे दुर्लक्ष करत होतो. काल पाइपाऐवजी लोणच्याची रिकामी पारदर्शक प्लास्टिकची बरणी लावून पाहिली. वेग वाढताच सगळे खडे बरणीच्या भिंतीला कड्यासारखे चिकटून बसले आणि पट्टी त्यांच्यात रुतून त्यांच्याबरोबरच गरगर फिरू लागली. धुलाईयंत्राच्या ड्रायरमध्ये कपडे भिंतीला चिकटतात तसेच हे होते. कोणी कोणावर घासत नव्हते, आदळत नव्हते.

दळणाच्या बॉल मिलसाठी (फिरत्या पिंपात गोळे घालून दळणारे यंत्र) या मर्यादेचे एक साधे सूत्र वापरतात. 42.3 ला डब्याच्या मीटरमधील आतल्या व्यासाच्या वर्गमुळाने भागले की ज्या वेगाला खडे भिंतीला चिकटून राहतात तो वेग मिनिटाच्या फेऱ्यांत मिळतो. माझ्या पाइपाचा आतला व्यास सुमारे 104 मिलिमीटर आहे, म्हणजे मर्यादा साधारण 131 फेऱ्यांची. काम होते ते तिच्या निम्म्यापासून सत्तर टक्क्यांपर्यंत, म्हणजे 65 ते 90 फेऱ्यांना. माझे ड्रिल 400 च्या आसपास फिरत होते. मी तिप्पट वेगाने काहीही न करण्याचा सराव करत होतो.

ड्रिलच्या चापाने 65 फेऱ्या तासन्‌तास धरून ठेवणे अशक्य आहे आणि तसा प्रयत्न केल्यास मोटर तापते. त्यामुळे पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून पूर्वी आणलेली आणि वर्षभर धूळ खात पडलेली मोटारीची वायपर मोटर बाहेर काढली. बारा व्होल्टवर वेगवान जोडणीत तिच्या तीस सेकंदांत एकतीस फेऱ्या भरल्या, म्हणजे मिनिटाला बासष्ट, जवळजवळ हवा तोच वेग. टाकाऊ मालात घरगुती फिरत्या डब्यासाठी याहून योग्य वस्तू मला माहीत नाही. गिअर आत बसवलेलेच असतात, जोर भरपूर मिळतो आणि डब्याचे झाकण थेट तिच्या दांड्यावर नटाने आवळता येते. डब्याचे दुसरे टोक दोन जुन्या बेअरिंगांवर टेकवले आहे.

डबा निम्म्याहून थोडा अधिक खड्यांनी भरला, खडे जेमतेम बुडतील एवढेच पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे चार थेंब घातले. पाणी जास्त झाले की ते गादीसारखे मध्ये येते आणि आघात मऊ पडतो. कोरडे फिरवण्याचा मोह टाळावा, कारण टायटॅनियमची बारीक कोरडी भुकटी सहज पेट घेऊ शकते. पहिल्या तासानंतर पट्टी नळाखाली धरली तेव्हा 400 च्या रेषा तुटक झाल्या होत्या. तिसऱ्या तासानंतर त्या उरल्याच नव्हत्या. खिडकीच्या उजेडात पट्टी तिरकी केली की आता कोणत्याही दिशेची रेषा दिसत नाही, बारीक ठिपक्यांची करडी चकाकी मात्र सरकत जाते. डब्ल्यूडी-40 चा बोळा फिरवल्यावर तिचा रंग आणखी थोडा खोल झाला. शेजारच्या काकूंनी दार वाजवून मिक्सर बिघडला आहे का, असे विचारले, तेव्हाही माझ्या हातात तीच पट्टी होती.

हा आनंद डाव्या पट्टीपुरता आहे. दोन्ही पट्ट्या एकत्र घातल्यास त्या एकमेकींवर आपटून कडांवर चंद्रकोरीसारखे खड्डे पडतात, हे पहिल्या दहा मिनिटांतच कळले होते, म्हणून उजवी पट्टी वेगळी करायची ठेवली. लॉक तिच्यातच असल्यामुळे तयारीही अधिक लागली. लॉकचा स्टीलचा तुकडा काढला, लॉकच्या फटीत प्लास्टिकची पट्टी खोचली आणि डिटेंटच्या गोळीवर (मिटलेले पाते जागेवर धरून ठेवणारी बारीक गोळी) टेप लावला. साबणाच्या पाण्यात तो टेप अर्ध्या तासात सुटला. आता तिथे ग्लू गनचा गोंद टाकला आहे. काम झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब कडेला सोडला की तो अखंड निघतो. दोरीच्या भोकात अडकलेला एक खडा मात्र पंचने फोडूनच काढावा लागला.

दोन्ही पट्ट्या करड्याच ठेवायच्या, असे हे लिहायला बसेपर्यंत ठरले होते. पण वर त्या सरकत्या चकाकीविषयी लिहिताना वाटले की आधी ॲनोडाइझ करून, म्हणजे पाण्यात वीज सोडून टायटॅनियमवर रंग आणून, मग पाचच मिनिटे डब्यात फिरवले तर उंचवट्यांवरचा रंग घासला जाईल आणि खोलगट ठिपक्यांत तो टिकून राहील. नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या ओळीने जोडल्या की सत्तावीस व्होल्ट मिळतात आणि त्यावर निळा रंग येतो. धुण्याच्या सोड्याचे पाणी घरात आहे, ऋण टोकाला स्टीलचा चमचा चालेल, फक्त धन टोकाची तांब्याची तार पाण्याबाहेर ठेवायची आहे. अडचण उजव्या पट्टीचीच आहे. तिच्यात दाबून बसवलेली डिटेंटची गोळी स्टीलची असेल तर त्या पाण्यात ती खराब होईल, आणि ती काढून पुन्हा नेमकी बसवण्याइतका माझा हात स्थिर नाही. तेव्हा निळी होईल ती डावी पट्टीच, लॉकची बाजू करडी राहील आणि चाकू खिशाला अडकवायची क्लिपही त्याच डब्यातून करडी करून घेईन. क्लिप आत्ता आत फिरत आहे, अजून चाळीस मिनिटे बाकी आहेत.