फसफसतंय का?

सकाळी सात वाजता भाच्याचा फोन आला की मी आधी साडेअकरा तास वजा करते. मिनियापोलिसमध्ये आदल्या दिवसाची संध्याकाळ. "मावशी, तीन दिवस झाले, एक बुडबुडा नाही," तो म्हणाला. आवाज असा की मला वाटलं, फिशटँकमधला मासा गेला.

त्याने घरी बिअर लावली होती, आपण विरजण लावतो तशी. तिकडे अमेरिकेत १९७८च्या कायद्याने त्याला मुभा आहे. आपल्याकडे १९४९चा दारूबंदी कायदा आहे, त्यामुळे जागच्या जागी बिअर बनवून विकणारी, देशातल्या पहिल्या काहींपैकी एक मायक्रोब्रुअरी २००९ मध्ये पुण्यात निघाली तरी माझा हात इडलीच्या पिठापुढे गेलेला नाही. पण आंबवण्याचा विषय निघाला की आमच्याकडे मलाच विचारतात, आणि मीही विचारायची वाट बघत असते.

व्हिडिओवर पांढरी झाकणबंद बादली दिसली, आत एकोणीस लिटर माल. झाकणात पाणी भरलेली वाकडी नळी. तिला एअरलॉक म्हणतात. आतला कार्बन डायऑक्साइड तिच्यातून बुडबुडत बाहेर पडतो, बाहेरची हवा आत शिरत नाही. भाचा त्या नळीसमोर खुर्ची टाकून बसला होता.

"कुठे ठेवलीयस?"

"तळघरात. तेरा अंश आहे."

आता यात विचारण्यासारखं काय होतं? जानेवारीत पुण्यात पाषाणला पहाटे कुडकुडायला होतं तेव्हा माझं पीठही हटून बसतं. मग पातेलं जुन्या शालीत गुंडाळायचं आणि ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून आत ठेवायचं. पीठ फुगवणारे मुख्यतः जिवाणू आणि बिअर करणारं यीस्ट, हे मला ठाऊक आहे. पण थंडी दोघांनाही वाजते. त्याच्या यीस्टला अठरा-वीस अंश लागतात. म्हटलं, "वर आण, उबेला ठेव."

दोन दिवसांनी पुन्हा फोन. बुडबुडा नाहीच. आता त्याला झाकण उघडून ढवळायचं होतं, यीस्टची आणखी एक पुडी टाकायची होती. मी ओरडलेच. लागत असलेल्या दह्यात बोट घालणाऱ्याला आमच्या आईने काय ऐकवलं असतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. "मोजायचं काही नाही का तुझ्याकडे?"

होतं. हायड्रोमीटर. दुधात पाणी किती, हे बघायला लॅक्टोमीटर सोडतात ना, त्याचाच भाऊ. साखर विरघळलेली असेपर्यंत काचेची नळी वर तरंगते; यीस्ट साखर खात जातं तशी ती खाली बुडत जाते. साध्या पाण्यात आकडा १.००० येतो; याचा पहिल्या दिवशी १.०५२ होता. आता त्याने नळाने भांडंभर काढून बघितलं, तर १.०२८. म्हणजे काम निम्म्याच्या आसपास उरकलेलं! बॅटरीच्या उजेडात बादलीच्या आतल्या कडेला तपकिरी फेसाची वाळलेली रेघही दिसली. पीठ फुगून खाली बसलं की पातेल्याला राहते, तशीच. झाकण एका बाजूला नीट बसलं नव्हतं आणि सगळा वायू तिथूनच गुपचूप पळत होता. नळीत बुडबुडा येणार कुठून? आणि हा पाच दिवस त्या नळीकडे डोळे लावून बसला होता. मीही काही वेगळं केलं नसतं म्हणा.

पुढे आकडा १.०१२ वर आला. दोन दिवस थांबून पुन्हा मोजला, तोच. मगच बाटल्या भरू दिल्या, कारण साखर शिल्लक असताना बूच लावलं तर आंबणं आत चालूच राहतं आणि बाटली फुटते.

तीन आठवड्यांनी पहिली बाटली उघडली. मी चहा घेऊन फोनसमोर. त्याने घोट घेतला, थांबला.

"मावशी, केळ्याचा वास येतोय."

यीस्टला ऊब जास्त झाली की असा वास येतो, हे मी मधल्या काळात वाचलं होतं.

"उबेला म्हणजे नक्की कुठे ठेवली होतीस रे?"

"हीटरला चिकटून. तूच म्हणालीस ना!"

मी चहाचा घोट घेतला. "पोळीबरोबर घे," म्हटलं. "शिकरण समज."