पावसात वाळणारं दुपटं : शिंप्याच्या कातरणीतून भेट शिवताना

जुलैत धुतलेलं दुपटं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वाळलं पाहिजे. बारशाच्या भेटीसाठी शिवताना कापड, थर, धागा, टाक्यांमधलं अंतर हे सगळं मी या एकाच अटीवर ठरवते. गोव्यात जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की कापूस भरलेली दुलई एकदा भिजली की दिवसेंदिवस आतून ओली राहते. मग वास येतो, मग काळे ठिपके. बाळाचं अंथरूण तर एकाआड एक दिवस धुवावं लागतं. म्हणून माझ्या दुपट्यात कापूस नसतो, फायबरचं भरणही नसतं. वर तुकड्यांचा थर, मध्ये जुन्या सुती साडीचे दोन पदर आणि खाली त्याच साडीचा तिसरा. हे चार पदर पंख्याखाली दोरीवर टाकले की एका रात्रीत वाळतात.

माप ३६ बाय ४४ इंच. शिवून झाल्यावर ४ इंचांचे चौकोन, आडवे ९ आणि उभे ११, म्हणजे ९९ तुकडे. पाव इंच शिलाई चारही बाजूंनी धरली की कापताना प्रत्येक तुकडा साडेचार इंचांचा. हेच चौकोन ४४ इंच पन्ह्याच्या सलग कापडातून काढायचे तर सव्वा मीटरहून थोडं जास्त लागतं. कातरणीतून काढताना मात्र याच्या दुप्पट तुकडे जवळ असावेत, कारण निम्मे बाद होतात.

कातरण मिळते शिंप्याकडे. गणेश चवथीच्या आधीचा महिना-दीड महिना ब्लाउज आणि कुडते शिवण्याची घाई असते, तेव्हा पिशव्या भरतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कापडाचे उरलेले तुकडे मिळाले तर तेही घेते. पण ब्लाउजच्या कातरणीवर मी चटकन विश्वास ठेवत नाही. टू-बाय-टू या ब्लाउजच्या सुती कापडाच्या नावाखाली पॉलिएस्टर मिसळलेलं कापड बरंच असतं. कडेचे दोन धागे काढून चिमट्यात धरायचे आणि स्टीलच्या वाटीवर जाळून पाहायचे. सूत कागदासारखं जळतं, वासही तसाच, आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिएस्टर आकसतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी उरतो. मणी उरला की तो तुकडा बाजूला. पॉलिएस्टर पाणी शोषत नाही आणि शेजारचं सूत आटलं तरी ते आटत नाही, त्यामुळे दोन-चार धुण्यांनी तो चौकोन फुगून वर येतो. टीशर्टचं ताणणारं कापड, जीन्स, जर, टिकल्या, आरसे हेही दुपट्यात नकोत.

धुण्याचं काम मी मे महिन्यात उरकते. ऊन असतं आणि विहिरी-नळाला अजून पाणी असतं. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा ३ ते ५ आटतं. साडेचार इंचांच्या तुकड्यात ते एक ते पावणेदोन सुतापर्यंत जातं (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), म्हणजे शिलाईतला निम्म्याहून जास्त भाग. आधी शिवलं आणि मग धुतलं तर टिपेपाशी चुण्या पडतात, त्या इस्त्रीनेही जात नाहीत. लहान तुकडे नुसते बादलीत टाकले तर त्यांचे दोरे सुटून गुंतवळ होतं. जुन्या उशीच्या अभ्ऱ्यात भरून, तोंड बांधून धुतले तर बरे राहतात.

रंगाची परीक्षा वेगळी करावी लागते. लाल, जांभळा, गर्द निळा असा प्रत्येक तुकडा ओला करून पांढऱ्या सुती कापडावर ठेवायचा आणि वरून गरम इस्त्री दाबायची. पांढऱ्यावर डाग उतरला तर पुन्हा धुवायचा. तिसऱ्यांदाही उतरला तर तो दुपट्यात जात नाही, कितीही सुंदर असला तरी. जुन्या कुणबी साडीची लाल चौकडी हा मोठा मोह असतो. ते कापड घट्ट, टिकाऊ आणि आपल्या मातीतलं. वर्षानुवर्षं धुतलेली साडी बहुधा रंग सोडत नाही, पण नव्या हातमागावरच्या लाल तुकड्याची परीक्षा घेतल्याशिवाय तो पांढऱ्याशेजारी लावू नये. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं सांगतात. मी त्यावर विसंबत नाही. इस्त्रीची परीक्षा खोटं बोलत नाही.

मलमल, व्हॉइल असं मऊ कापड कापताना सरकतं. त्याला उकड्या तांदळाच्या पेजेची निवळ पातळ करून लावते, ओलसर असतानाच इस्त्री करते, मग ते कागदासारखं कापलं जातं. पण खळ लावलेले तुकडे तसेच कपाटात ठेवू नयेत. खळीवर कसर येते आणि पावसात बुरशी. कापले की त्याच आठवड्यात शिवायचे आणि शिवून झालं की धुऊन खळ काढून टाकायची.

कापण्यासाठी साचा करते. पुठ्ठ्याचा साचा वीस-पंचवीस तुकड्यांत कडेने झिजतो आणि पुढचे चौकोन नकळत लहान होतात. जुन्या एक्स-रेच्या फिल्मचा साचा झिजत नाही आणि त्यातून खालची नक्षीही थोडी दिसते. रेघ टोकदार पेन्सिलीने, बॉलपेनने कधीच नाही, ती शाई धुण्यात पसरते. साच्याची एक बाजू कापडाच्या उभ्या धाग्याला लागून हवी. ब्लाउजच्या बगलेकडचे आणि बाह्यांचे तुकडे बहुधा उरेब, म्हणजे धाग्याला तिरपे कापलेले असतात. ते जागा वाचवायला तिरपे कापले तर मशीनखाली ताणले जातात आणि चौकोनाचा शंकरपाळा होतो. अशा तुकड्यातून लहान चौकोन सरळ धाग्यात निघत असेल तर काढायचा, नाहीतर सोडायचा.

मग सगळे ९९ फरशीवर मांडायचे. गडद आणि फिके आलटून पालटून, एकाच कापडाचे दोन शेजारी येणार नाहीत असे. फोनवर फोटो काढून तो काळा-पांढरा करून पाहिला की कुठे गडद रंगाचा गठ्ठा झालाय ते लगेच कळतं. प्रत्येक ओळीच्या पहिल्या तुकड्याला आकड्याची चिठ्ठी टाचायची.

शिलाईत सगळ्यात जास्त फसगत पाव इंचात होते. टीप अर्धा सूत जास्त आत गेली तर प्रत्येक चौकोन दोन्ही बाजूंनी मिळून एक सूत कमी होतो, आणि ९ चौकोनांच्या ओळीत इंचभर तूट येते. तूट सगळीकडे सारखी असती तर चालली असती, पण ती कधीच सारखी नसते, म्हणून ओळी जोडताना कोपरे जुळत नाहीत. उपाय सोपा आहे. मशीनच्या पत्र्यावर सुईपासून बरोबर पाव इंच मोजून मास्किंग टेपचे चार-पाच थर एकावर एक चिकटवायचे. कापडाची कड त्या उंचवट्याला लागून सरकली की टीप आपोआप सरळ जाते. आधी तीन चौकोन जोडून पाहावेत. मधला बरोबर ४ इंच भरला तरच पुढे जायचं. सुई १४ नंबरची, धागा सुती. पॉलिएस्टरचा धागा जुन्या मऊ कापडापेक्षा मजबूत असतो, ताण आला की धागा टिकतो आणि कापड टिपेवर फाटतं.

इस्त्री करताना शिलाई उघडायची नाही. पहिल्या ओळीतल्या सगळ्या शिलाया उजवीकडे, दुसरीतल्या डावीकडे, तिसरीतल्या पुन्हा उजवीकडे. दोन ओळी समोरासमोर ठेवल्या की एकीचा उंचवटा दुसरीच्या खाचेत बसतो. तो बोटांना कळतो आणि कोपरे टाचणीशिवाय जुळतात. इस्त्री उचलून ठेवायची, घासायची नाही. घासली की ओळ धनुष्यासारखी वाकते.

खालच्या थरांसाठी साडेपाच मीटरची सुती साडी पुरते. ४८ इंचांचे तीन तुकडे काढले तरी चौथा उरतो. साडी उजेडासमोर धरून पाहायची. बसण्याच्या आणि गुडघ्याच्या जागी ती विरलेली असते, तो भाग आतल्या पदरात ठेवायचा, खाली अंगाला लागणारा भाग साडीच्या पदराकडचा घट्ट. हे तिन्ही पदर ४० बाय ४८ ठेवते, म्हणजे चारही बाजूंना दोन इंच जास्त. टाके घालताना वरचा थर थोडा आकसतो आणि हे दोन इंच कामी येतात.

सगळ्यात खालचा पदर उलटा करून फरशीवर ताठ पसरायचा, कोपरे टेपने चिकटवायचे, त्यावर मधले पदर, वर चौकोनांचा थर. मग मधून बाहेर चार-चार बोटांवर कच्चा दोरा. पावसाळ्यात टाचण्या लावून काम तसंच ठेवू नये. एका रात्रीत गंज उतरतो आणि तपकिरी ठिपके पडतात. लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवलं तर डाग फिका होतो, पण त्या दिवसांत ऊन कुठलं? सुयाही रोज पुसून, खोबरेल तेलाचा हात फिरवलेल्या फडक्यात ठेवते आणि शिवण्याआधी कोरड्या कापडात दोनदा टोचून घेते.

धावदोरा दीड इंच अंतराने, आडव्या ओळी, मधल्या ओळीपासून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने. ४४ इंचांत २९ ओळी येतात, प्रत्येक ३६ इंचांची, म्हणजे साडेसव्वीस मीटर टाके. भरतकामाच्या सुती लडीत ८ मीटर धागा, सहा पदरी. त्यातले तीन पदर घेतले की एका लडीचे १६ मीटर होतात. गाठी आणि शेवटं धरून तीन लडी जवळ ठेवाव्यात. हातभर धागाच ओवायचा. लांब धागा कापडातून पुन्हा पुन्हा ओढला जाऊन पिंजतो. इंचाला चार टाके पुरे. गाठ वर ठेवत नाही, हलका झटका देऊन पदरांच्या मध्ये ओढून घेते. चार पदरांतून सुई ढकलायला मधल्या बोटात अंगुस्तान हवंच. मला एका ओळीला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. ओळी यापेक्षा दाट घातल्या तर दुपटं कडक होतं. तीन इंचांवर नेल्या तर मधले जुने पदर पिळताना सरकून गोळा होतात.

कडेच्या गोटासाठी परीघ १६० इंच. अडीच इंच रुंदीच्या, ४४ इंचांच्या पाच पट्ट्या तिरप्या जोडून घेते. कडा सरळ असल्याने उरेब पट्टीची गरज नाही, ती फक्त गोल कोपऱ्यांना. पट्टी मधोमध दुमडून वरून मशीनने, मागे वळवून हाताने. कोपऱ्यावर पाव इंच आधी टीप थांबवायची, पट्टी वर तिरपी दुमडायची, मग खाली. तिथे घाई केली की कोपरा गोळा होतो आणि पहिल्यांदा तिथेच फाटतो.

एवढं करून हाताशी त्रिकोण, पट्ट्या, नखाएवढे तुकडे उरतातच. त्यांच्यासाठी सिद्दी बायकांची कवंदीची, म्हणजे त्यांच्या गोधडीची रीत उत्तम आहे. गोव्याच्या सीमेपलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी समाज राहतो. त्यांचे बरेचसे पूर्वज पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेले. कवंदीत चौकोन आधी जोडत नाहीत. साडीवर कडेपासून तुकडा ठेवायचा, त्याच्या कडा आत दुमडायच्या आणि धावदोऱ्याने थेट साडीसकट शिवायचं. चारी कडांनी फिरत मध्याकडे यायचं. जोडणी आणि टाके एकाच फेरीत होतात, आणि वेडावाकडा तुकडाही बसतो. कोपऱ्यांवर दुमडलेल्या त्रिकोणांची फुलं लावतात, ती नसली तर कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. बाळाच्या दुपट्याला मी ही फुलं घट्ट शिवते, कारण सुटी कड बाळ तोंडात घालतं.

देण्याआधी दुपटं सौम्य साबणाने धुऊन पूर्ण वाळवते. साठवायचं असेल तर सुती पिशवीत, सुक्या कडुलिंबाच्या पानांसोबत. डांबरगोळ्या नकोत. नॅफ्थलीनची वाफ नवजात बाळाला बाधते, आणि जी६पीडी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपेत दुपटं अंगावर सैल टाकू नये, तोंडावर येऊ शकतं. ते जमिनीवर पसरून बाळाला खेळवायला, मालिशीनंतर मांडीवर घ्यायला. हे मी सोबतच्या चिठ्ठीत स्पष्ट लिहिते. चिठ्ठीबरोबर त्याच कापडांचे चार जास्तीचे चौकोन आणि उरलेला धागा एका छोट्या पिशवीत देते. हेही चौकोन आधी धुतलेले असतात, म्हणजे दोन वर्षांनी ठिगळ लावलं तरी ते आटत नाही.