हळद ९२ ग्रॅमवर! (दोन वेळच्या दाण्याचा पुढचा हप्ता)

हळद म्हणजे माझी कॉकटेल (तुरेवाला छोटा पोपट), मादी. वाटी दिवसभर भरून न ठेवता दाणा दोनच वेळा देतोय. आज सकाळी काट्यावर ९२ आलं. विश्वास बसेना म्हणून हळदला उतरवून परत बसवलं, परत ९२. मागच्या पोस्टमध्ये ८६ टाकलं होतं तेव्हा निम्म्या मंडळींनी "हे दोन वेळचं खूळ सोड, वाटी भरून ठेव" म्हणून झापलं होतं. सोडलं नाही. फक्त वेळा आणि वाट्या बदलल्या.

८६ का झालं ते आधी सांगतो, कारण डोकं तिथेच खाल्लं गेलं. हळदचं ठरलेलं वजन ९४. दहा टक्के उतरलं की वाट न बघता डॉक्टर गाठायचा, म्हणजे ८५ च्या खाली गेली असती तर प्रयोग तिथेच गुंडाळला असता. तिच्या पिंजऱ्यातला नर, कोळसा, मात्र त्याच दाण्यावर १०१ चा १०४ झाला. एकच पिंजरा, एकच मिक्स, आणि एक वर एक खाली? मग मोबाइल पिंजऱ्यासमोर टेकवून शूट केलं.

दाणा पडला रे पडला की कोळसा वाटीच्या कडेवर चढतो. आधी सूर्यफूल, मग करडई, मग पायाने उकराउकरी. हळद दांडीवरून सरकत जवळ आली की तुरा सपाट पाडून, चोच उघडून फिस्स! ती मागे. साहेब खाली उतरतात तेव्हा वाटी भरलेलीच दिसते. फुंकर मारली तर वरचा थर अख्खा उडाला, सगळी फोलपटं, आणि तळाशी बाजरीचे चार दाणे. दिवसभर वाटी भरलेली असायची तेव्हा ही दादागिरी झाकलेली होती, कारण तो दुपारी पेंगला की ती गुपचूप खाऊन घ्यायची.

म्हणून दोन वाट्या, दोन टोकांना, एकीवरून दुसरी दिसणार नाही अशा. हळद ८९ पर्यंत आली आणि तिथेच अडकली.

उरलेली गाठ उन्हाची निघाली. मी साडेआठला दाणा द्यायचो. सोलापूरचा एप्रिल काय असतो ते इथल्यांना सांगायला नको. नऊलाच वरचा पत्रा तापतो, आणि बारा वाजता दोघंही पंख अंगापासून लांब धरून, चोच उघडी टाकून धापा टाकत बसतात. अशा वेळी दाण्याकडे कोण बघतंय? रानातली पाखरंही पहाटे आणि दिवस कलताना चरतात, मधे सावली धरून बसतात. आता पहिली वाटी सहाला, उजाडताच. दुसरी साडेपाचला, ती अंधार पडेपर्यंत तशीच. झोपायच्या आधी हळदचा क्रॉप (गळ्याखालची दाण्याची पिशवी) बोटाने हलकेच चाचपतो. परवा पहिल्यांदा तो टम्म आणि मऊ लागला, तेव्हाच वाटलं काटा आता वर जाणार.

मोड आलेले मूग, मेथी, गाजराचा कीस फक्त सकाळच्या वाटीबरोबर, आणि तासाभरात उचलायचं. ४२ डिग्रीत त्याला आंबूस वास यायला वेळ लागत नाही. पाणी दिवसातून दोनदा बदलतो. नळ चार-पाच दिवसांआड येतो म्हणून साठवणीचंच पाणी, पण भांडं रोज घासून.

माझ्या बजींना (बजरीगर, अजून छोटे पोपट) हा नियम लावलेला नाही. ३०-३५ ग्रॅमचा जीव, त्यांना तीन वेळा. आणि ज्या जोडीच्या घरट्याच्या मडक्यात पिल्लं आहेत तिची वाटी कायम भरलेली, कारण आई-बाप दिवसभर भरवत असतात. ब्रीडिंगवाल्यांनी माझं बघून वाट्या काढू नयेत, हात जोडून सांगतो.

दाण्याबद्दल: ज्या दुकानातून तयार मिक्स आणायचो तिथलं सूर्यफूल खवट निघालं. तिथला सल्लाही "सकाळी एकदा भरा, विषय संपला" असाच. आता मंगळवार पेठेत भुसाराच्या दुकानातून राळा, बाजरी, करडई सुटी आणून घरीच मिसळतो. स्वस्त पडतं आणि दाणा हातात घेऊन, वास घेऊन बघता येतो. काटा मात्र १ ग्रॅमचा घ्या, ५ ग्रॅमच्या टप्प्याने दाखवणारा किचन काटा या कामाला बिनकामाचा.

पुढे सकाळची वाटी आठपर्यंतच ठेवायचा बेत होता. पण हे लिहितानाच आठवलं, पौषात हुरड्याचं कणीस टांगलं होतं तेव्हा कोळसा तासभर त्याच्याशीच झुंजत होता आणि हळदकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मग वाटी आठला उचलून दुपारभर बाजरीचं वाळकं कणीस टांगलं तर? पोटाला थोडा आधार, चोचीला काम, आणि फिस्सफिस्स बंद. मधली वेळ अगदी रिकामी ठेवायला मलाही नको वाटत होतं.

तर बेत बदलला. उद्या सकाळी पिंजरा पश्चिमेच्या गॅलरीतून आतल्या खोलीत, कुलरच्या झोतापासून बाजूला (फोलपटं घरभर होतात, आई ओरडते), आणि दोन कणसं दोन टोकांना. मालदांडी ज्वारीचं जुनं कणीस कुणी कॉकटेलला दिलंय का? दाणा टणक असतो, भिजवून द्यावं की तसंच, तेवढं सांगा.