प्लायखालचं भोक

आग किरकोळच म्हणायची. जुन्या बाजारपेठेतलं पहिल्या मजल्यावरचं कापडाचं गोदाम. रात्री उशिरा वर्दी आली, उजाडेपर्यंत विझली. पेपरात चार ओळी.

धुरात आम्ही चालत नाही, सरकतो. वजन मागच्या पायावर, एक हात भिंतीला, पुढची टाच आपटून लादी बोलते का ते ऐकायचं, मगच पाय टाकायचा. आमचा लीडिंग फायरमन नव्या पोरांना हेच घोटून घोटून शिकवतो. त्या रात्रीही त्याने टाच आपटली होती. पण वर ताग्यांचा थर, त्याखाली विनाइल. पोकळ आवाज येणार कुठून? पुढच्या पावलाला तो बीए सेटसकट, म्हणजे पाठीवरच्या श्वासाच्या सिलिंडरसकट, खालच्या दुकानात. खुबा मोडला, मनगट मोडलं.

उजेडात बघितलं. माल वर ओढायला कधीतरी जमीन कापून केलेलं तीन फुटी चौकोनी भोक. त्यावर 6 मिलिमीटरचा प्लाय, चुका मारून बसवलेला, खाली आधाराला साधी आडवी पट्टीही नाही. मंजूर नकाशात ते भोक नाही. अग्निसुरक्षेचा नमुना 'ब' मात्र जानेवारी-जुलैला बिनचूक भरलेला. बसवलेली आग विझवायची साधनं चालू आहेत, एवढंच तो कागद सांगतो. पायाखाली काय आहे, हे त्यात कुणी विचारत नाही.

पोलीस ठाण्यातल्या साहेबांचं पहिलं वाक्य, "तुमचं कामच जोखमीचं, साहेब." 9 मे 2015 ला काळबादेवीच्या गोकुळ निवासची आग विझवताना इमारत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलाने चार अधिकारी गमावले. तेव्हापासून हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. आगीची जोखीम आम्ही पगारात धरतो, शेठच्या प्लायची नाही.

बरीच वादावादी झाल्यावर भारतीय न्याय संहितेचं कलम 125 लागलं, बेदरकारपणे दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याचं. हाड मोडलं म्हणून जास्तीत जास्त तीन वर्षं. तो गेला असता तर कलम 106, निष्काळजीपणाने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत. भोक तेच, प्लाय तोच. आता मालक भाडेकरूकडे बोट दाखवतो, भाडेकरू आधीच्या भाडेकरूकडे. तिथे भोक आहे हे ठाऊक कुणाला होतं, सगळी केस इथे अडली आहे.

ते ठाऊक असलेला एकजण मला भेटला होता. पंचनाम्याच्या वेळी गर्दीतला एक सुतार सहज बोलून गेला, "गिऱ्हाईक पडेल म्हणून शेठनी झाकायला लावलं, मी म्हटलं होतं जाड प्लाय घ्या." कुठला शेठ, हे विचारेपर्यंत मागून हाक आली आणि तो गेला. मी जबाबात हे लिहून दिलंय. तपास अधिकारी म्हणतात, ही ऐकीव गोष्ट, माणूस आणा. सुतार गावी गेलाय, फोन बंद. त्याच्या गावचं नाव मिळालंय. रविवारी सुट्टी आहे, जाऊन येणार आहे.