उभं राहायची जागा

पुणं सोडायचं, हे आमच्या घरात कधीच ठरून गेलं होतं. कुठं जायचं, तेवढं ठरत नव्हतं. त्यात घरात नववीतली मुलगी. दहावीत शाळा बदलायची म्हणजे मंडळाची परवानगी, दाखले, हेलपाटे, शिवाय "आत्ता? दहावीच्या वर्षात?" असं म्हणून नातेवाईक जो चेहरा करतात तो सोसायचा. म्हणजे एक तर नववीचा निकाल हातात पडताच निघायचं, नाहीतर दहावी उरकून अकरावीला. मधला मार्ग नाही.

सोडायचं कारण सांगत बसत नाही. पुण्याच्या पश्चिमेकडच्या सोसायटीत राहून ज्यांनी मे महिन्यात टँकरचं बिल भरलंय, त्यांना ते माहीत आहे. दोघांचंही काम बऱ्यापैकी घरून चालतं, नवऱ्याला आठवड्यातून एकदा ऑफिसात तोंड दाखवावं लागतं. मग इथंच कशाला, हा प्रश्न 2020 नंतर कितीतरी घरांत निघाला असेल. आमच्याकडे तो निघाला आणि मुक्कामालाच आला.

नवऱ्याने यादी केली. पाणी रोज येतं का, चांगलं हॉस्पिटल किती लांब, घरभाडं किती, पुण्याला जायला तास किती, हवा कशी. यादी वाचताना माझ्या लक्षात आलं की ही निवृत्त माणसाची यादी आहे. चाळिशी ओलांडलेली माणसं छोटं शहर शोधायला लागली की साठीतल्या स्वतःसाठीच शोधतात. 'शांत', 'निवांत', 'मोकळं' हे शब्द आमच्या बोलण्यात इतके यायला लागले की लेकीने एकदा ताटावरूनच विचारलं, "आपण राहायला चाललोय की हवापालटाला?"

यादीत पहिला नंबर साताऱ्याचा होता. पुण्यापासून 110 किलोमीटर. खेड शिवापूर आणि आणेवाडी असे दोन टोल, मधे खंबाटकीचा घाट. सकाळी निघालं की दहाच्या आत ऑफिसात. डोक्यावर अजिंक्यतारा, तासाभराच्या आत कासचं पठार. प्यायला कास तलावाचं पाणी, ज्याबद्दल सातारकर कंदी पेढ्यापेक्षा जास्त अभिमानाने बोलतात. शिक्षणाचं म्हणाल तर कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेचं हे मुख्य ठाणं, आणि देशातली पहिली सैनिक शाळाही 1961 साली इथंच निघाली. नवरा हे सगळं गाईड असल्यासारखा सांगत होता. लेक ऐकत होती. मान हलवत होती, पण ती मान कुठल्याही बाजूची नव्हती.

पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे आम्ही संध्याकाळचे चालत निघालो. ती आमच्या चार पावलं पुढे. मधेच थांबून म्हणाली, "आई, इथल्या मुली उभ्या कुठं राहतात?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग तिने हाताने दाखवलं. पानटपरीपाशी मुलगे. वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली मुलगे, फ्लेक्सवरही मुलगेच, गॉगल लावलेले. उभ्या केलेल्या मोटारसायकलींवर आडवेतिडवे टेकलेले मुलगे, ज्यांना कुठंही जायचं नाही आणि कुणी विचारतही नाही की बाबांनो, इथं काय करताय. मुली होत्या ना, भरपूर होत्या. पण त्या चालत होत्या. पाठीला सॅक, हातात पाण्याची बाटली. क्लासला चाललेल्या किंवा क्लासहून येणाऱ्या. थांबलेली मुलगी दिसली तर तिच्या हातात पाणीपुरीचा द्रोण असायचा, नाहीतर स्कूटीचं चाक पंक्चर असायचं. नुसतीच उभी असलेली, विनाकारण, अशी एकही नाही.

खरं तर हे पुण्यातही तसंच आहे. पण पुण्यात मॉल आहे, कॅफे आहे, शंभर रुपयांच्या कोल्ड कॉफीवर दोन तास टेबल अडवता येतं. तिथं ती उभं राहायची जागा विकत घेते, म्हणून अशी फुकटची जागा नाही हे इतके दिवस लक्षात आलं नव्हतं. तिच्या वयाला कामाशिवाय रेंगाळणं ही गरज असते; आपण त्याला टाइमपास म्हणून मोकळे होतो. आपल्या वेळी आपण कुठं रेंगाळायचो ते आठवून बघा. मला नळावरची रांग आठवली, देवळाच्या पायऱ्या आठवल्या, आणि आईने हाक मारली की पळायचं हेही आठवलं.

त्या दिवसापासून नवऱ्याची यादी बाजूला पडली आणि मी प्रत्येक गावात तेच बघायला लागले. दुसऱ्या दिवशी पहाटे अजिंक्यताऱ्यावर गेलो तर चित्र निराळं. निम्मं सातारा गड चढत होतं. आजोबा, नवऱ्याबरोबर बूट घालून आलेल्या साडीतल्या बायका, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली, शर्यतीसाठी पाय तयार करणाऱ्या मुली. वर पोचलेली एक जण तटाशी एकटीच उभी राहून खालचं शहर बघत होती, घाम पुसत, कानात काही न घालता. कुणी तिच्याकडे वळूनही बघत नव्हतं. म्हणजे जागा आहे, पण ती सकाळी साडेसहाला उघडते आणि त्यासाठी डोंगर चढावा लागतो. आमची लेक सुट्टीच्या दिवशी नऊशिवाय डोळे उघडत नाही. साताऱ्याला पेन्सिलने बरोबरची खूण केली.

रत्नागिरीवर फार वेळ घालवला नाही. समुद्र, आंबा, थिबा राजवाडा, आणि दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला, जी आता बातमीही राहिलेली नाही. मला स्वतःला तिथं जन्मभर राहायला आवडेल. लेकीने पावसाळा किती महिने असतो ते विचारलं आणि उत्तर ऐकून खिडकीबाहेर बघायला लागली.

सांगली-मिरजेचा विषय नाजूक. मिरज माझं माहेर. तिथं जायचं तर घरचे आहेत, तंतुवाद्यांच्या दुकानांतून फिरत लहानपण काढलेली मी आहे, सांगलीत विलिंग्डन कॉलेज आहे, वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज आहे, विष्णुदास भाव्यांपासूनचं नाटकाचं वेड आहे. पुढच्या शिक्षणाला गाव सोडावं लागेल असंही नाही. पण घर बघायला गेलं की तिथं पहिला प्रश्न भाड्याचा नसतो. "2019 ला पाणी कुठवर आलं होतं?" हा असतो. एका घरमालकांनी काही न बोलता जिन्यातल्या भिंतीवर हात ठेवला, माझ्या डोक्याच्या वर. रंग नवा होता, पण त्यांना उंची पाठ होती. सांगलीत पावसाळ्यात माणसं एकमेकांना नमस्काराऐवजी "आयर्विनला किती?" असं विचारतात. 1929 सालचा हा कृष्णेवरचा पूल. त्याच्यापाशी 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, आणि 2019 ला ते 57 च्याही वर गेलं होतं. विश्रामबागेकडे उंचावर घर घेतलं तर ती काळजी नाही, असं सगळेच सांगतात, आणि मग सगळेच विश्रामबागेत घर घेतात.

लेकीची अडचण मात्र पाण्याची नव्हती. दुपारी ती मामेभावाबरोबर कोपऱ्यावर आइस्क्रीम खायला गेली. ती परत यायच्या आत आमच्या वहिनीला फोन आला होता की तुमच्याकडची पाहुणी कोपऱ्यावर उभी आहे, केस मोकळे आहेत, कुणाची म्हणायची? फोन करणाऱ्या काकू वाईट नव्हेत. माझ्या लहानपणी त्यांनीच मला सायकलवरून पडल्यावर घरी आणून सोडलं होतं. छोट्या शहराचं हे असंच असतं: पडलात तर उचलायला धावतात, आणि पडलात हे चार गल्ल्यांना कळतं. आपण म्हातारे होताना पहिली गोष्ट हवीहवीशी वाटते. पंधराव्या वर्षी दुसरीच दिसते. कुणाची कोण हे कुणालाही माहीत नसणं ही मोठ्या शहराने वयात येणाऱ्या मुलांना दिलेली सवलत आहे, आणि ती आम्ही टँकरच्या बिलात धरलीच नव्हती.

ओळखीतल्या एकीने सुचवलं, लातूर का नाही बघत? तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. वाढत्या मुलाला घेऊन छोट्या शहरात मुक्काम हलवायचा खरा अनुभव आज कुणाकडे असेल तर तो लातूरला गेलेल्या आयांकडे. लातूर पॅटर्नच्या नावावर कुठून कुठून मुलं येतात, आणि त्यांच्याबरोबर दोन वर्षांपुरत्या आयाही येतात. दोन खोल्या, एक गॅस, एक टेबल, आणि डॉक्टरकीच्या प्रवेशाची 'नीट' परीक्षा. वडील गावी नोकरीवर. ते गाव मुलांसाठीच निवडलेलं असतं, पण तिथलं मूल क्लास, खोली आणि मेस यांच्याबाहेर किती पडतं, ते तिथून आलेल्या कुठल्याही मुलाला विचारा. त्यातून आम्ही मिरजेचे. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी न्यायला 'जलदूत' नावाची रेल्वे मिरजेहूनच सुटायची. नवऱ्याच्या यादीत पाणी पहिलं आहे म्हटल्यावर तो विषय मी काढलाच नाही.

राहता राहिलं कोल्हापूर. नवऱ्याचा विरोध होता: पुण्यापासून सव्वादोनशे किलोमीटरच्या वर, ऑफिसला आठवड्यातून एकदा जायचं म्हणजे एक रात्र तिकडेच मुक्काम. पंचगंगा 2019 आणि 2021 ला कशी आली होती, हेही त्याने ऐकवलं. तरी गेलो. संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर थांबलो. म्हशी भर रस्त्यात उभ्या, मालक समोर धार काढतो आणि फेसासकट ग्लास हातात देतो. कोमट. लेकीने एक घोट घेतला, चेहरा असा केला की म्हैससुद्धा बघायला लागली, आणि मग काय वाटलं कोण जाणे, ग्लास संपवला. शेजारी दोन कॉलेजच्या मुली आपापले ग्लास घेऊन उभ्या होत्या. त्यांचे ग्लास कधीच रिकामे झाले होते. तरी त्या उभ्याच होत्या. एकीने स्कूटीला टेकून दुसरीला सांगितलं, "मी काय जात नाही अजून," आणि खरंच गेली नाही. लेकीने माझ्या दंडाला चिमटा काढला.

पुढे रंकाळ्यावर तर कुणी कुणाला विचारत नाही. भेळ, वारा, आणि काठाने माणसंच माणसं. फुटबॉलचा मोसम होता. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीची मॅच होती, आणि पेठापेठांतल्या त्या ईर्ष्येबद्दल रिक्षावाल्याने आम्हाला इतकं सांगितलं की मीटर चालू आहे हे दोघंही विसरलो. गॅलरीत मुलगेच असणार, हे मी मनात धरलं होतं, आणि बहुतेक तेच होते. पण याच जिल्ह्याने राही सरनोबत, तेजस्विनी सावंत अशा नेमबाज मुली दिल्या, हे लेकीने मला फोनवर शोधून दाखवलं. मी हो म्हटलं. माझ्या दृष्टीने मात्र निकाल आधीच लागला होता, दुधाच्या ग्लासापाशी. कोल्हापूर स्वर्ग आहे असं नाही. मुलींनी किती वाजता घरात असावं याची मतं तिथंही घरोघरी तयार आहेत, आणि पाहुणा कुणाचा कोण हे तिथंही दोन वाक्यांत काढतात. फरक एवढाच की तिथल्या रस्त्यावर सगळेच रेंगाळतात, त्यामुळे मुलींचं रेंगाळणं त्यात खपून जातं.

आता दहावी पुण्यातच करायची असं ठरलंय. 2025 पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात एकाच ऑनलाइन पद्धतीने होतात, आधी ते मुंबई महानगर प्रदेश, पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, नागपूर, अमरावती एवढ्यांपुरते होते. फॉर्ममध्ये दहा पसंतीक्रम देता येतात. लेकीने वहीच्या मागच्या पानावर कॉलेजं आत्ताच लिहून ठेवलीत; त्यातली बरीच कोल्हापूरची, एक साताऱ्याचं बाबांना बरं वाटावं म्हणून. नवरा आता रेल्वेचं वेळापत्रक बघतो, म्हणजे तो तयार आहे.

परवा कोल्हापुरातल्या एका घरमालकांना सहज फोन लावला. वर्ष आहे हातात, पण भावाचा अंदाज घ्यावा म्हणून. काका मोकळेढाकळे. पाणी? भरपूर. पार्किंग? अंगणात लावा. पूर? "आमच्या गल्लीत आजपातूर न्हाई." मग त्यांनी विचारलं, मुलगी कितवीला, आणि लेकीने फोन माझ्या हातातून घेतला.

"काका, घरासमोर कट्टा आहे का?"

"हाय की. पर तिथं पोरं बसत्यात."

"मग मुली कुठं बसतात?"

पलीकडे शांतता. मग काकांनी आतल्या दिशेने हाक मारली, "अगं ए, आपल्या गल्लीतल्या पोरी कुठं बसत्यात गं?" भांडी ठेवल्याचा आवाज आला, आणि काकू फोनवर आल्या. "गच्चीवर बसत्यात बाळ. तू ये तर खरं, कट्ट्यावरनं पोरांना उठवायचं बघू."

त्यावर दोघींचं बराच वेळ काहीतरी चाललं होतं. डिपॉझिट किती, ते मात्र अजून कळलेलं नाही.